पहिली स्पर्धा, पहिला डेक : वाचकांचे प्रश्न

ऑनलाइन कार्ड गेमच्या स्पर्धांबद्दल आलेली बहुतेक पत्रं ‘मॅजिक: द गॅदरिंग अरेना’ची निघाली, म्हणून या वेळी तोच एक खेळ घेतला आहे. रिचर्ड गारफिल्ड यांचा हा खेळ १९९३ साली कागदी कार्डांवर सुरू झाला. अरेना ही त्याची संगणकावरची आवृत्ती २०१९मध्ये अधिकृतपणे आली आणि २०२१मध्ये मोबाईलवर पोचली. डेक म्हणजे खेळायला घेतलेला कार्डांचा गठ्ठा, गोल्ड आणि जेम्स ही खेळातली चलनं आणि ड्राफ्ट म्हणजे पाकिटांतली कार्डं एकेक उचलून त्यांचाच डेक लावून खेळायचं. शुल्क आणि बक्षिसांचे आकडे कंपनी अधूनमधून बदलते. खाली दिलेले आकडे प्रवेशाचं बटण दाबण्याआधी ईव्हेंटच्या पानावर ताडून पाहा.

महिनाभर खेळतोय, साडेपाच हजार गोल्ड साठलंय. प्रीमियर ड्राफ्टसाठी दहा हजार होईपर्यंत थांबू, की आत्ताच दुसऱ्या कशात उतरू? — भांडुप

प्रीमियरसाठी थांबू नका. पण हातातले साडेपाच हजार लगेच क्विक ड्राफ्टमध्येही घालू नका.

सुरुवात ‘मिडवीक मॅजिक’पासून करा. आठवड्याच्या मध्यावर असतं, प्रवेश फुकट, हरलात तरी कोणी बाहेर काढत नाही आणि पहिल्या काही विजयांना लहानसं बक्षीस असतं. त्यानंतर ‘जंप इन’. १,००० गोल्ड किंवा २०० जेम्स भरायचे, २० कार्डांची दोन पाकिटं निवडायची, त्यांचा ४० कार्डांचा डेक आपोआप तयार होतो. हवे तेवढे डाव खेळा, कार्डं तुमचीच. बक्षीस नसतं, म्हणून अनेकजण इकडे फिरकत नाहीत. पण ४० कार्डांचा डेक कसा चालतो हे इतक्या स्वस्तात दुसरीकडे शिकायला मिळत नाही.

आता ड्राफ्टचा हिशेब. दोन्ही ड्राफ्ट ७ विजय किंवा ३ पराभव झाले की संपतात. क्विक ड्राफ्टचं शुल्क ५,००० गोल्ड किंवा ७५० जेम्स. एकही विजय नाही तरी ५० जेम्स, ३ विजयांना ३००, ५ला ६५०, ६ला ८५०, ७ला ९५०. म्हणजे जेम्सपुरतं बोलायचं तर भरलेलं शुल्क सहाव्या विजयाला परत येतं. प्रीमियरचं शुल्क १०,००० गोल्ड किंवा १,५०० जेम्स. तिथे २ विजयांना २५०, ३ला एकदम १,०००, ४ला १,४००, ५ला १,६००, ७ला २,२००. मुद्दल पाचव्या विजयाला सुटतं. दोन आणि तीन विजयांमधली ती ७५० जेम्सची उडी नीट पाहा. बऱ्या खेळाडूला प्रीमियर परवडतं ते तिच्यामुळे आणि नवखा बुडतो तोही तिच्यामुळेच, कारण नवखा सहसा एक-दोन विजयांवर अडकतो. तिथे क्विक ड्राफ्टमध्ये तुमचे साडेपाचशे-साडेसहाशे जेम्स जातील, प्रीमियरमध्ये साडेबाराशे ते चौदाशे.

दुसरा फरक घाईचा. प्रीमियरमध्ये आठ माणसं एकत्र कार्डं उचलतात आणि प्रत्येक कार्डाला घड्याळ लागलेलं असतं. क्विक ड्राफ्टमध्ये कार्डं उचलताना समोर बॉट, म्हणजे संगणकी खेळाडू असतात, वेळेची मर्यादा नाही. अर्धी कार्डं उचलून जेवायला गेलात तरी चालतं.

रोजचं एक क्वेस्ट (नेमून दिलेलं काम) ५०० किंवा ७५० गोल्डचं असतं, दिवसातून एकदा बदलून घेता येतं. ५००चं आलं तर बदलून पाहा, ७५०चं येऊ शकतं. दिवसाच्या पहिल्या चार विजयांना मिळून ५५० गोल्ड. म्हणजे दिवसाला हजार-बाराशे, आणि चार-पाच दिवसांत एक क्विक ड्राफ्ट. हा वेग धरून चाला. पैसे देऊन जेम्स घ्यायची गरज पहिल्या दोन-तीन महिन्यांत पडू नये.

तेच ५,००० गोल्ड दुकानातल्या पाच पाकिटांवर घालवले तर? — घाटकोपर

तुम्हाला नेमकं काय हवंय त्यावर आहे. दुकानातलं पाकीट १,००० गोल्डला, आत ८ कार्डं, त्यात एक रेअर (दुर्मीळ) किंवा मिथिक (त्याहून दुर्मीळ). पाकिटं उघडली की वाइल्डकार्डचं, म्हणजे त्याच दर्जाचं हवं ते कार्ड मिळवून देणाऱ्या कार्डाचं, चाकही पुढे सरकतं आणि साधारण सहा पाकिटांमागे एक रेअर वाइल्डकार्ड हातात पडतं (दर पाचव्या फेरीला मिथिक). ड्राफ्टमध्ये उघडलेल्या पाकिटांनी हे चाक हलत नाही, बक्षीस म्हणून मिळालेल्यांनी हलतं. ठरावीक डेक पुरा करायचा असेल तर पाकिटं घ्या. खेळ शिकायचा आणि जेम्स साठवायचे असतील तर ड्राफ्ट.

एक खुबी बऱ्याच जणांना उशिरा कळते. पाकिटातून येणारं रेअर तुमच्याकडे आधीच चार असेल तर त्याऐवजी त्याच संचातलं (एकत्र निघालेल्या कार्डांतलं) तुमच्याकडे पुरं नसलेलं रेअर मिळतं. ड्राफ्टमध्ये हे संरक्षण नाही. तिथे पाचवं रेअर उचललं तर फक्त २० जेम्स मिळतात. म्हणून एखाद्या संचाचे ड्राफ्ट खेळायचे असतील तर त्या संचाची बक्षिसातली पाकिटं न उघडता साठवा आणि ड्राफ्ट संपल्यावर एकदम फोडा. हात शिवशिवतात, पण फायदा मोठा आहे.

मी अकरावीत आहे. १२ रेअर वाइल्डकार्डं आहेत. यूट्यूबवर पाहिलेला तीन रंगांचा डेक बनवू का? — डोंबिवली

नको बनवूस. त्या डेकची यादी उघड आणि त्यातल्या लँड, म्हणजे बाकीची कार्डं टाकायला लागणारी शक्ती (माना) देणारी कार्डं, मोज. तीन रंगांच्या डेकमध्ये दुहेरी रंगाच्या रेअर लँडच दहा-बारा निघतील. तुझी सगळी वाइल्डकार्डं त्यांतच संपतील आणि ज्या कार्डांसाठी डेक आवडला ती हातात येणारच नाहीत.

एकरंगी डेक घे. बेसिक लँड फुकट असतात, तेव्हा बाराच्या बारा वाइल्डकार्डं खऱ्या कार्डांवर खर्च होतील. लाल रंगाचा झटपट मारा करणारा डेक नवख्याला सर्वांत स्वस्त पडतो: ६० कार्डं, त्यात २० ते २२ लँड, बाकी बरीचशी एक-दोन मानाची कॉमन-अनकॉमन कार्डं. क्रम असा ठेव. आधी त्या यादीतलं एकही वाइल्डकार्ड न वापरता, असलेल्या कार्डांनी साधारण तसाच डेक लाव आणि पंधरा-वीस डाव फुकटच्या ‘प्ले’ रांगेत खेळ. कुठलं कार्ड नसल्याने अडतंय ते कळलं की ते कार्ड चारच्या चार एकदम घे. चार वेगवेगळ्या रेअरचं एकेक कार्ड घेणं ही नवख्यांची सर्वांत नेहमीची चूक. ६० कार्डांत एकच असलेलं कार्ड बहुतेक डावांत दिसतच नाही.

डेक ६०चाच ठेव. ६५-७०चा केलास तर चांगली कार्डं तेवढी उशिरा येतात, बाकी काही होत नाही. आणि स्टँडर्ड या फक्त नव्या संचांच्या खेळप्रकारातून जुने संच ठरावीक काळाने बाद होतात, तेव्हा वाइल्डकार्ड खर्चण्याआधी ते कार्ड कोणत्या संचातलं आहे हे पाहून घे. उद्या बाद होणाऱ्या संचावर आज वाइल्डकार्ड घालणं म्हणजे पास संपायच्या आदल्या दिवशी नवा फोटो चिकटवणं.

या खेळाचं पिसणं सेट केलेलं आहे. मला लँड एकतर येत नाहीत, नाहीतर येतच राहतात. — लालबाग

ही तक्रार दर तिसऱ्या पत्रात आहे, म्हणून गणितच मांडतो. ६० कार्डांत २४ लँड धरा आणि सात कार्डांचा पहिला हात घ्या. प्रामाणिक पिसण्यातही एकही लँड नाही किंवा एकच आहे असा हात १४ टक्क्यांहून थोडा जास्त वेळा येतो, म्हणजे सातांतून एकदा. पाच किंवा जास्त लँडचा हात ८ टक्के. दोन ते चार लँडचा खेळण्याजोगा हात सुमारे ७७ टक्के. थोडक्यात, दर चार-पाच हातांत एक वाईट यायचाच. दिवसाला दहा डाव खेळणाऱ्याला असे दोन रोज भेटतात आणि तेवढेच लक्षात राहतात.

पण तुमचं म्हणणं एका अर्थी बरोबरही आहे. एका डावाच्या सामन्यात, ज्याला बेस्ट ऑफ वन म्हणतात, अरेना मुद्दाम ढवळाढवळ करतं, मात्र तुमच्या फायद्याची. पहिल्या हातासाठी आतल्या आत एकाहून जास्त हात काढले जातात आणि तुमच्या डेकमधल्या लँडच्या प्रमाणाशी जुळणारा हात तुम्हाला दिला जातो. ही सवलत पहिल्या हातापुरती आहे. पुढे वरून येणारी कार्डं नशिबाचीच.

यातून एक सापळा तयार होतो. एका डावाच्या सामन्यात २० लँडवर भागतं म्हणून लोक लँड कमी करतात आणि तोच डेक तीन डावांच्या स्पर्धेत नेतात. तिथे ही सवलत नाही. मग पहिल्याच फेरीत एका लँडवर बसून राहायची वेळ येते. तीन डावांच्या स्पर्धेत जाताना एक, कधी दोन लँड वाढवा.

आणि हात बदलायला, म्हणजे मलिगनला, घाबरू नका. प्रत्येक वेळी पुन्हा सातच कार्डं येतात. जितक्यांदा बदलला तितकी कार्डं निवडून डेकच्या तळाशी ठेवायची. एका लँडचा सातचा हात ‘पुढच्या दोन वेळांत येईलच’ म्हणून ठेवण्यापेक्षा निवडून ठेवलेली सहा कार्डं जवळजवळ नेहमीच बरी. दोन लँडचा हात ठेवायचा तो पाळी दुसरी असेल आणि हातात एक-दोन मानाची कार्डं असतील तरच.

ड्राफ्टमध्ये चांगली कार्डं उचलूनही एक-तीन होतं. काय चुकतं? — विलेपार्ले पूर्व

पत्रासोबत तुम्ही डेकची यादी पाठवलीत ते बरं केलंत. त्यात १५ लँड, तीन रंग आणि पाच मानाच्या वरची आठ कार्डं आहेत. कार्डं चांगली आहेत; ती टेबलावर येईपर्यंत तुम्ही मरता.

४० कार्डांच्या डेकमध्ये १७ लँड आणि २३ बाकीची कार्डं हा साचा धरा (डेक फारच हलका असेल तर १६ लँड). २३मध्ये प्राणी (हल्ला आणि बचाव करणारी कार्डं) १५ ते १७. दोन मानाची कार्डं पाच-सहा, तीनची चार-पाच, चारची तीन-चार, आणि पाच व त्यावरची मिळून चारच्या पुढे नाहीत. रंग दोन. तिसरा रंग एखाद्याच कार्डासाठी, तोही त्या रंगाचा माना देणाऱ्या दोन-तीन गोष्टी डेकमध्ये असल्या तर.

उचलण्याचा क्रम: समोरचा प्राणी मारणारं स्वस्त कार्ड, मग एकट्याने डाव जिंकून देणारं मोठं कार्ड, मग चांगले दोन-तीन मानाचे प्राणी. पहिल्या पाकिटात रंग ठरवण्याची घाई करू नका. पण तिसऱ्या पाकिटातही ‘बघू’ म्हणत असाल तर उशीर झाला. संग्रहासाठी रेअर उचलायचं असेल तर जरूर उचला, फक्त ते डेकमध्ये कोंबू नका. कुठलं साधं कार्ड खरंच जिंकून देतं हे पाहायला ‘सेव्हन्टीन लँड्स’ ही साइट आहे. खेळाडूंच्या डावांच्या नोंदींवरून प्रत्येक कार्ड हातात आलं तेव्हा जिंकण्याचं प्रमाण तिथे दिसतं. तो आकडा त्याच रंगाच्या इतर कार्डांच्या आकड्यांशी ताडून पाहायचा.

खेळाडूंनीच भरवलेल्या एका स्विस स्पर्धेत नाव देतोय. पहिल्यांदाच. दिवसभरात काय काय होतं? — मुलुंड

आधी वेळ. सूचनेत ‘सकाळी ११, ईस्टर्न’ (अमेरिकेच्या पूर्वेकडची वेळ) असेल तर उन्हाळ्यात ती मुंबईची रात्रीची साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं बदलतात, आपली बदलत नाहीत. त्या आठवड्यांत हमखास कोणीतरी तासभर चुकतं. पाच फेऱ्या, प्रत्येकी ५० मिनिटं आणि मधे दहा मिनिटं धरली तर साडेआठची स्पर्धा रात्री दीडच्या सुमारास संपते. रविवारची असेल तर सोमवारच्या लोकलचा विचार आधीच करून ठेवा. साडेआठ ही घरात मालिकांचीही वेळ, तेव्हा वायफायचं आधी बोलून घ्या.

नोंदणीत अरेनाचं नाव पूर्ण द्या, म्हणजे हॅश आणि त्यापुढच्या आकड्यांसकट. ते नसलं की प्रतिस्पर्ध्याला तुम्ही सापडतच नाही. डेकची यादी द्यायची म्हणजे डेक उघडून ‘एक्स्पोर्ट’ दाबायचं. यादी कॉपी होते, ती नोंदणीच्या पानावर पेस्ट करायची. मुदतीनंतर एक कार्डही बदलता येत नाही. यादी आणि प्रत्यक्ष डेक वेगळा निघाला तर डाव किंवा पूर्ण सामना जातो, चूक नकळत झालेली असली तरी. म्हणून यादी दिल्यावर डेकची एक प्रत करून तिला स्पर्धेचं नाव द्या आणि स्पर्धा संपेपर्यंत त्या प्रतीत काही बदलू नका.

सुरू होण्याआधी ‘चेक-इन’ची खिडकी असते. तेवढं एक बटण विसरल्याने नाव कापलेले लोक दर स्पर्धेत असतात. जोड्या लागल्या की प्रतिस्पर्ध्याला मित्रयादीत घ्या, ‘चॅलेंज’ पाठवा आणि त्यात तीन डावांचा सामना निवडला आहे ना ते दोघांनी पाहा. पहिल्या डावानंतर साइडबोर्डमधली, म्हणजे राखीव १५मधली कार्डं बदलता येतात. आत जितकी तितकीच बाहेर, हे पाळा. नवख्यांनी दोन-तीन प्रकारच्या डेकविरुद्ध काय काढायचं, काय घालायचं ते कागदावर लिहून ठेवावं. त्या वेळी स्क्रीनवर मुदत पळत असते आणि डोकं चालत नाही. ही टिपणं डावांच्या मधे वापरायला बहुतेक ठिकाणी चालतात, तरी नियम वाचा. सामना चालू असताना कोणाला विचारणं मात्र कुठेच चालत नाही. शेजारी बसलेल्या भावाने ‘अरे, हे टाक ना’ म्हटलं तर तीही बाहेरची मदतच.

निकाल विजेत्याने लगेच नोंदवायचा आणि शेवटच्या पडद्याचा स्क्रीनशॉट ठेवायचा. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. स्विसमध्ये हरलात तरी पुढच्या फेरीत तेवढेच गुण असलेला खेळाडू मिळतो. ३२ खेळाडू, ५ फेऱ्या आणि एकही बरोबरी नाही असं धरलं तर शेवटी एकजण ५-०, पाचजण ४-१ आणि दहाजण ३-२ असतात. आठजण पुढे जाणार असतील तर ३-२वाल्या दहांतले दोघं आत जातात, आणि ते कोण हे प्रतिस्पर्ध्यांच्या विजयाच्या टक्केवारीवर ठरतं. त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्या हरलात तरी उठू नका. दुसरं कोणी ‘तू सोड, बक्षीस वाटून घेऊ’ म्हणालं तर उत्तरच देऊ नका, आयोजकांना कळवा. बक्षिसाच्या बदल्यात निकाल ठरवला की दोघंही बाद होतात.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे. ‘स्पर्धेची फी’ म्हणतो. हा जुगार तर नाही ना? — दादर, एक आई

विचारलंत ते योग्यच. मुलाने गोल्ड किंवा जेम्स भरून खेळलेल्या ड्राफ्टमध्ये बक्षीसही जेम्स आणि कार्डंच असतात, आणि त्यांचे रुपये करून मिळत नाहीत. खातं विकायला कंपनीच्या नियमांत मनाई आहे. मात्र पाकिटात कोणतं कार्ड निघेल हे नशिबावर असतं आणि जेम्स खऱ्या पैशाने विकत मिळतात. पैसा जातो तो तिथे.

वेगळी गोष्ट म्हणजे ओळखीतल्या कोणी यूपीआयवर दोनशे-दोनशे रुपये गोळा करून ‘जिंकेल त्याला सगळे’ असं काही भरवलं तर. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून पैसे मिळवण्याच्या आशेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ त्यात बंद केला आहे, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ई-स्पोर्ट त्यातून वेगळा काढला आहे. मुलाला एवढंच सांगा की रोख जमवून रोख वाटणाऱ्या गटात शिरायचं नाही आणि असा गट स्वतः काढायचा तर मुळीच नाही. रोख बक्षिसाच्या अधिकृत स्पर्धांना बहुतेक ठिकाणी १८ वर्षं पूर्ण असावी लागतात आणि पात्र देशांची यादीही असते. तेव्हा तो प्रश्न अजून तीन वर्षं तुमच्याकडे येत नाही.

फोनवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल असं करून ठेवा. पासवर्ड तुमचा, त्याला माहीत नसलेला.

सामना चालू असताना नेट गेलं तर? — बोरिवली

ॲप बंद करून पुन्हा उघडा, अरेना त्याच सामन्यात परत नेतं. पण घड्याळ थांबलेलं नसतं. तीन डावांच्या सामन्यात प्रत्येकाला मिळून अर्धा तास असतो आणि तुमचा संपला की सामना गेला. लोकलमध्ये रँकचे डाव खेळा, स्पर्धेचे नकोत. घरून खेळताना फोनचा हॉटस्पॉट आधी एकदा जोडून पासवर्ड जतन करून ठेवा. पावसाळ्यात वीज गेली तर लॅपटॉप चालतो आणि राउटर बंद पडतो. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या, बहुतेक १२ व्होल्टचे असतात. फायबरचा डबा राउटरपासून वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, हे विसरून लोक एकाचीच सोय करतात.

घाईत ‘नेक्स्ट’ दाबलं जातं आणि माझी पाळी निघून जाते. — गिरगाव

संगणकावर स्पेस बारवरचा अंगठा उचला, माउसने दाबा. प्रतिस्पर्ध्याच्या पाळीत काही टाकायचं असेल तर स्क्रीनवर दिसणाऱ्या टप्प्यांवर आधीच थांबा लावून ठेवा, किंवा कंट्रोल दाबून ‘फुल कंट्रोल’ सुरू करा आणि काम झालं की आठवणीने बंद करा. दोन रंगांचा डेक असेल तर कोणत्या लँड वापरायच्या ते स्वतः निवडा. अरेना आपोआप निवडतं तेव्हा पुढच्या कार्डाला लागणारा रंग कधीकधी तेच खर्चून टाकतं.